खाट रिकामी आहे, पण मिळत नाही

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावशीला न्यूमोनिया झाला. दुपारी चारला आम्ही तिला एका सरकारी रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी लगेच तपासलं, ऑक्सिजन लावला, पहिलं इंजेक्शनही दिलं आणि केसपेपरवर ‘ॲडमिट’ असं लिहिलं. इथपर्यंत सगळं वीस मिनिटांत झालं. पुढचे सहा तास मावशी ट्रॉलीवर होती, कारण वॉर्डात खाट नव्हती.

रात्री साडेदहाला खाट मिळाली तेव्हा शेजारच्या बाईंची सून सहज बोलून गेली, “या खाटेवरच्या आजींना सकाळी साडेनवाच्या राउंडलाच घरी जा म्हणून सांगितलं होतं. गेल्या कधी, तर रात्री साडेआठला.”

मग मी तिला खोदून खोदून विचारलं. डिस्चार्ज कार्ड लिहायचे ते डॉक्टर ओपीडीत अडकले होते, त्यामुळे कार्ड दोनला हातात पडलं. तोवर औषधांची खिडकी जेवणासाठी बंद झाली. औषधं मिळाली तेव्हा मुलगा अजून शेतावरून निघायचा होता. तो आला तेव्हा गावाकडची एसटी गेली होती. शेवटी कुणाची तरी जीप ठरली. आजी गेल्यावर खाट पुसायला, चादर बदलायला सफाईच्या बायकांची पाळी बदलेपर्यंत कुणी नव्हतं. म्हणजे साडेनऊ ते साडेदहा, तेरा तास ती खाट उपचारासाठी कुणाच्याच कामाची नव्हती. त्यातले अकरा तास तिच्यावर बरी झालेली बाई बसून होती आणि दोन तास ती नुसतीच मळकी पडून होती.

यात कुणी कामचुकार नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. जो तो आपापल्या जागी राबत होता. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंतच्या मधल्या जागेला मात्र कुणी मालक नव्हता.

मोरी तुंबली की पाणी बाथरूमभर होतं आणि आपण नळ बंद करायला धावतो. रुग्णालयाचं तसंच आहे. गर्दी दिसते कॅज्युअल्टीत, म्हणून पत्रकार तिथे जातात, मंत्री तिथे भेट देतात, नवीन ट्रॉल्याही तिथेच येतात. तुंबलेलं असतं ते बहुतेकदा मागच्या दाराशी, वॉर्डातून घरी जाण्याच्या वाटेवर.

साधं गणित

१९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने एक नियम सिद्ध केला. ऐकताना तो इतका सोपा वाटतो की यात सिद्ध काय करायचं असं वाटावं: आत किती माणसं असतात, तर रोज किती येतात गुणिले प्रत्येक जण किती दिवस राहतो तितकी. देवळाला, बँकेला, वसतिगृहाला, सगळ्यांना तो लागू पडतो.

समजा एका रुग्णालयात रोज ४० जण दाखल होतात आणि सरासरी ५ दिवस राहतात. तिथे कोणत्याही क्षणी सरासरी २०० खाटा व्यापलेल्या असणार. आता मुक्काम फक्त अर्ध्या दिवसाने कमी झाला, म्हणजे ५ चा साडेचार झाला, तर लागतील १८०. वीस खाटा मोकळ्या झाल्या. वीट लागली नाही, निविदा लागली नाही, नवीन इमारतीचं भूमिपूजनही झालं नाही. हा अर्धा दिवस कुणाला अर्धवट बरं करून हाकलून काढायचा नाही. वर सांगितलेल्या आजींच्या अकरा तासांतला तो आहे.

मुक्कामाचे दिवस मोजताना एक प्रश्न प्रत्येक खाटेपाशी विचारून पाहावा: आज या रुग्णाला इथे ठेवल्यामुळे त्याच्या तब्येतीत काय पुढे सरकलं? उत्तर “सोनोग्राफीचा नंबर उद्या आहे”, “रिपोर्ट यायचाय”, “मोठे डॉक्टर परवा येतात” किंवा “रेशनकार्ड आणायला माणूस गावी गेलाय” असं असेल, तर तो दिवस आजारपणाचा नाही, रांगेचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, मंजुरीची कागदपत्रं ओपीडीतच पुरी करून घेतली आणि मग तारीख देऊन रुग्णाला बोलावलं तर तो आला की कामाला सुरुवात होते. आधी खाट, मग कागद असा क्रम असला की खाटेवर कागदच झोपतो.

शंभर टक्के भरलेलं रुग्णालय चांगलं का नाही?

हिशेब तपासणाऱ्याला रिकामी खाट म्हणजे वाया गेलेला पैसा वाटतो. रांगांचं शास्त्र नेमकं उलट सांगतं. हे शास्त्र जन्मलं टेलिफोनच्या कचेरीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचे गणिती होते. किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पहिला निबंध लिहिला. फोन कधी येईल सांगता येत नाही आणि बोलणं किती लांबेल तेही सांगता येत नाही. कॅज्युअल्टीचं दुसरं वर्णन काय करणार?

एक डॉक्टर धरा. रुग्णाला सरासरी दहा मिनिटं लागतात, पण कुणाला तीन, कुणाला तीस. रुग्ण येतात तेही वाटेल तेव्हा. डॉक्टरचा निम्मा वेळ कामात जात असेल तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात गेला तर चाळीस मिनिटं. ९० टक्के झाला की दीड तास. ९५ टक्के झाला की तीन तास दहा मिनिटं! काम ९० वरून ९५ वर गेलं, म्हणजे जेमतेम वाढलं, आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. घाटात एक ट्रक पहिल्या गियरमध्ये चढू लागला की मागे किती लांब रांग लागते, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

खाटांचंही असंच आहे, फक्त वळण जरा उशिरा येतं. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संगणकावर रुग्णालयाची नक्कल चालवून केलेला एक अभ्यास आला होता. खाटा सरासरी ८५ टक्क्यांच्या वर भरलेल्या राहू लागल्या की अडचणीचे दिवस दिसू लागतात आणि ९० च्या वर ते वारंवार येतात, असं त्यात आढळलं. हा आकडा पुढे जगभर मंत्रासारखा म्हटला गेला. मला त्याचं एवढं अप्रूप नाही, कारण रुग्णालय जितकं लहान तितकी जास्त मोकळीक लागते. शंभर खाटांत पाच जण अचानक आले तर जिरून जातात, दहा खाटांच्या वॉर्डात पाच आले की संपलं.

आणि आपल्याकडे ८५ टक्के म्हणजे चैनच. आपली सरकारी रुग्णालयं नाही म्हणत नाहीत, खाली गादी घालतात. ही माणुसकी आहे आणि ती असावीच. पण त्याने रांग नाहीशी झाली असं समजू नये. ती वॉर्डात शिरली. तीस खाटांच्या वॉर्डात पंचेचाळीस रुग्ण झाले तरी रात्रपाळीची सिस्टर तेवढीच. मग अँटिबायोटिकचा डोस दोनचा साडेतीनला मिळतो, सलाइन संपलेलं नातेवाइकाला आधी दिसतं, ताप चढलाय हे सकाळी कळतं. ही रांग कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

गर्दी येते कुठून?

“इमर्जन्सी काय सांगून येते का?” असं प्रत्येक जण म्हणतो. एकेकटी सांगून येत नाही, पण घोळका सांगून येतो. पावसाळ्यात शेतीची कामं सुरू झाली की साप चावलेले रुग्ण वाढणार. पाऊस ओसरला की डेंग्यू वाढणार. संध्याकाळी अंधार पडताना दुचाकीचे अपघात वाढणार. तालुक्याच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी दुथडी भरणार, कारण भाडं एकदाच लागतं. सोमवारी तर रविवारचाही वाटा येतो. दोन वर्षांची रजिस्टरं उघडून वार आणि तास मांडले तर यातलं बरंच कागदावर दिसतं.

अमेरिकेत बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या युजीन लिटव्हाक यांनी असे आकडे मांडले तेव्हा वेगळंच निघालं. रुग्णालयातल्या चढउताराला तातडीच्या रुग्णांपेक्षा ठरवून दाखल केलेले रुग्णच जास्त कारणीभूत होते. अपघात रोज साधारण सारखे, शस्त्रक्रियांच्या तारखा मात्र सर्जनच्या सोयीने दोन-तीन दिवसांत कोंबलेल्या. त्या दिवशी ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग, वॉर्ड सगळं एकदम भरायचं आणि शनिवारी अर्धं ओस. तारखा आठवडाभर सारख्या पसरवा आणि तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी एक टेबल वेगळं ठेवा, हा त्यांचा उपाय. तो सांगायला सोपा आहे. सर्जनला “तुमचा मंगळवार आता गुरुवार” असं सांगणं ज्याच्या नशिबी येतं, त्याला विचारा.

एक रांग, दोन रांगा

पंढरपूरला पदस्पर्श दर्शनाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला लांबून हात जोडून परत फिरायचं आहे, त्याला तासन्‌तास त्याच रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. रुग्णालयातही ही विभागणी दारातच करायची असते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजोबांना डॉक्टरांसमोर तीन मिनिटं लागतात, नव्या रुग्णाला पंधरा. दोघं एका रांगेत असले की आजोबांचा दिवस जातो. दर महिन्याच्या गोळ्यांची खिडकी वेगळी केली की ओपीडीचा मोठा लोंढा तिथेच वळतो.

कॅज्युअल्टीत हीच गोष्ट जिवावरची होते. आलेल्या क्रमाने नाही, गरजेच्या क्रमाने तपासायचं. आल्या आल्या एका अनुभवी सिस्टरने नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि शुद्ध पाहून लाल, पिवळा किंवा हिरवा ठरवायचा. याला ट्रायेज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ निवडणं. आपल्या बायका तांदूळ निवडतात तसंच, फक्त इथे एकही दाणा टाकायचा नाही. जिथे ट्रायेज नाही तिथे ते काम आरडाओरडा करतो. ज्याच्यासोबत दहा माणसं, तो आधी. शांत बसून घाम पुसणारा हार्ट ॲटॅकचा माणूस मागे राहतो.

उलट, जिथे काम सारखंच आहे तिथे रांगा तोडू नयेत. केसपेपरच्या चार खिडक्या असतील तर रांग एकच हवी, पुढचा माणूस मोकळ्या खिडकीवर जाईल. वॉर्डांनाही हे लागू पडतं. सर्जरीच्या वॉर्डात सहा खाटा रिकाम्या आणि मेडिसिनचे रुग्ण जमिनीवर, हे चित्र दिसतं ते खाटा युनिटच्या मालकीच्या असल्यासारख्या वागवल्यामुळे. कुठली खाट कुणाला हे ठरवणारी एकच व्यक्ती असावी, जिला सगळ्या वॉर्डांचा आत्ताचा हिशेब ठाऊक आहे. त्यासाठी संगणकच हवा असं नाही. खडू-फळ्यावरही चालतं, फळा दर दोन तासांनी कुणीतरी खरा ठेवला तर.

संगणकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करण्याची सोय दिल्लीत सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. सोय चांगली आहे. पण खिडकीवरची रांग अर्धी झाली आणि आत डॉक्टर तेवढेच असले, तर माणूस खिडकीऐवजी डॉक्टरांच्या दाराशी उभा राहतो. सगळ्यात अरुंद जागा जिथे आहे तिथे हात घातल्याशिवाय बाकीच्या सुधारणा रांगेला फक्त पुढे सरकवतात.

आणि उद्दिष्टांची गंमत. इंग्लंडने तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा चार तासांत निकाल लावायचा असा नियम केला. २००४ मध्ये ९८ टक्के रुग्णांसाठी, २०१० मध्ये तो ९५ वर आणला. सुरुवातीला खरंच फरक पडला, तासन्‌तास ताटकळणारे लोक लवकर सुटू लागले. पण आकडे मांडले की चार तास भरण्याच्या जरा आधी एकदम उसळी दिसायची. घड्याळ संपत आलं की माणूस दाखल! घड्याळ पाळलं जात होतं, रुग्णाची गरज त्या शेवटच्या दहा मिनिटांत थोडीच बदलली होती?

‘रेफर’ या शब्दाच्या पलीकडे

आतापर्यंतचं सगळं एका इमारतीतलं. जिल्ह्याच्या रुग्णालयाचा निम्मा घोळ इमारतीबाहेर असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, आणि लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय, हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं. बाळंतपणात अडलेली बाई एका रात्रीत तिन्ही हद्दी ओलांडते. सिंधुदुर्गातला रुग्ण तर राज्याचीच हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातो.

मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. अमरावतीत पोचल्यावरही बाळंतपणाला डफरीन, इतर आजारांना इर्विन आणि ठरावीक मोठ्या शस्त्रक्रियांना संदर्भ सेवा रुग्णालय, अशी तीन वेगळी दारं. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन उशीर मांडले: घरात निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टरही असतो. दुसऱ्या उशिरावर हा मोठा इलाज होता. तिसरा उशीर गाडीने जात नाही. गाडी निघतानाच समोर फोन गेला का, रक्तगट कळवला का, भूलतज्ज्ञ घरी आहेत की रुग्णालयात, हे गाडी रस्त्यावर असतानाच ठरायला हवं. नुसतं ‘पुढील उपचारार्थ रेफर’ लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं होती का, माणसं होती का यावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्यात एक म्हणणं असं होतं की रुग्ण लांबून आणि अगदी शेवटच्या अवस्थेत येतात. हे खरं धरलं तरी तो बचाव ठरत नाही. रुग्ण शेवटच्या अवस्थेत येतात, याचा अर्थ आधीच्या दोन-तीन दारांवर काय घडलं ते कुणी पाहत नाही.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय यंत्राविना चालतो: माहेरघर. दुर्गम आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस. मध्यरात्री, पुरात, घाटात धावपळ करण्याची वेळच येऊ द्यायची नाही. रांगशास्त्राच्या भाषेत, तातडीच्या रुग्णाला ठरवून आलेला रुग्ण केलं. नाव देणाऱ्याला तर शंभर गुण.

हाती काय दिलं?

रुग्णालयात धोक्याची वेळ म्हणजे पाळी बदलण्याची. सकाळच्या डॉक्टरला माहीत असतं, रात्रीच्याला सांगायचं राहतं. अमेरिकेत नऊ रुग्णालयांच्या मुलांच्या विभागांत पाळी बदलताना काय सांगायचं याचा ठरावीक क्रम लावून दिला: तब्येत किती गंभीर, थोडक्यात हकिगत, काय करायचं राहिलंय, बिघडलं तर काय करायचं, आणि ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं. २०१४ मध्ये निकाल आला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येणारी इजा ३० टक्क्यांनी. उलट म्हणून दाखवणं आपल्याला नवीन नाही, किराणा दुकानदार यादी अशीच पक्की करतो.

घरी सोडणं हीही पाळी बदलणंच आहे, फक्त पुढची पाळी नातेवाइकांची. ते काम राउंडच्या दिवशी सुरू करून भागत नाही. दाखल करतानाच अंदाजे तारीख सांगावी, “बहुतेक शुक्रवारी सोडू.” म्हणजे मुलगा शुक्रवारी शेतावर जात नाही. कार्ड आदल्या संध्याकाळी लिहून ठेवावं, सकाळी फक्त सही. घरी जाणाऱ्यांना राउंडमध्ये आधी पाहावं. औषधं खिडकीवरून वॉर्डात यावीत. आणि ज्याचं वाहन यायचंय त्याने खाटेवर न बसता चार खुर्च्या नि पंखा असलेल्या खोलीत बसावं. आजींचे अकरा तास यातून दोन-तीनवर आले असते आणि माझी मावशी दिवेलागणीच्या कितीतरी आधी खाटेवर असती.

मावशी सहाव्या दिवशी, शनिवारी घरी आली. कार्ड सुरेख लिहिलं होतं, गोळ्या किती आणि कधी हे सिस्टरने दोनदा समजावलं. खाली एक ओळ होती: ‘८ दिवसांनी ओपीडीत दाखवणे.’ मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, हे लिहिणाऱ्याच्या मनात असावं. काकांनी बोटांवर मोजले, पुरते आठ. साठ किलोमीटर रिक्षा आणि एसटी करून आम्ही पोचलो तो रविवार निघाला. ओपीडीला कुलूप.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. सोमवारची रांग फाटकापर्यंत आली होती.